हुद्दा आणि राखण : आपल्या कुत्र्यांविषयी थोडंसं

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



सांस्कृतिक समितीने मला ‘निवृत्तीनंतरचे आर्थिक नियोजन’ हा विषय सुचवला होता. त्या विषयावर मी याच हॉलमध्ये तीनदा बोललो आहे. ज्यांनी ऐकलं त्यांच्याही एफड्या आहेत आणि ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्याही आहेत. म्हणून या वेळी मी विषय बदलून मागितला. आज मी कुत्र्यांविषयी बोलणार आहे.

हसू नका. पुढच्या महिन्यातल्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर सातव्या क्रमांकाला हाच विषय आहे, आणि गेले दोन महिने लिफ्टमध्ये, कट्ट्यावर, पार्किंगमध्ये दुसरं काही कानावर पडत नाही. चौसष्ट फ्लॅटची आपली सोसायटी. त्यांतल्या अकरा घरांत कुत्रं आहे आणि गेटवर तीन आहेत. दोन घटना तुम्हाला ठाऊक आहेतच. पहिली, पार्किंगमध्ये एका पाळीव कुत्र्याच्या ताटलीजवळ चेंडू गेला, आपला एक आठ वर्षांचा मुलगा तो उचलायला वाकला आणि कुत्र्याचा दात त्याच्या मनगटाला लागला. मुलाने सगळी इंजेक्शनं घेतली, आता तो ठणठणीत आहे, पुढच्याच रांगेत बसला आहे. दुसरी, ए विंगमध्ये भरदुपारी कुलूप फोडण्याचा प्रयत्न झाला आणि गेटवरची तिन्ही कुत्री गप्प बसली.

म्हणजे बघा, एक कुत्रं नको तिथे राखण करतं आणि तीन कुत्री हवी तिथे करत नाहीत. दोन्ही तक्रारींवर सभासदांनी दिलेला उपाय मात्र एकच. “कुत्रं डोक्यावर बसलंय. घरात साहेब कोण ते त्याला दाखवा.” आणि गेटवरच्यांबद्दल, “यांच्यात कोणी म्होरक्या उरला नाही, म्हणून शिस्त नाही.” सगळा प्रश्न हुद्द्याचा आहे, असं मंडळींचं म्हणणं.

मी जनावरांचा डॉक्टर नाही. पण हुद्दा म्हणजे काय हे सदतीस वर्षं बँकेत राहून मला चांगलं समजलं आहे, आणि कुत्री घरात बरीच वर्षं आहेत. शिवाय निवृत्त माणसाला वाचायला वेळ असतो. तेव्हा हुद्दा आणि राखण यांचा संबंध किती खरा आणि किती सांगोवांगीचा, एवढंच आज तपासून बघू.

आधी ही हुद्द्याची कल्पना आली कुठून ते सांगतो. १९४७ साली रुडोल्फ शेंकेल नावाच्या स्विस संशोधकाने बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचं निरीक्षण प्रसिद्ध केलं. त्यात लांडगे वरचढपणासाठी झगडतात, कळपात एक नर आणि एक मादी सगळ्यांच्या वर असतात, असं चित्र होतं. पुढे १९७० साली डेव्हिड मेक या अमेरिकन शास्त्रज्ञाने लांडग्यांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यातून ‘अल्फा’ हा शब्द जगभर गेला. कुत्रं लांडग्याच्या कुळातलं, तेव्हा तेही घरात अल्फा व्हायला बघतं, असा हिशेब लोकांनी मांडला. कुत्र्याला उताणं पाडून दाबून धरा, त्याच्या आधी तुम्ही जेवा, दारातून आधी तुम्ही बाहेर पडा, हे सल्ले तिथूनच निघाले.

पण शेंकेलचे लांडगे पिंजऱ्यातले होते. वेगवेगळ्या माणसांना एका खोलीत कोंडलं तर काय होतं, ते आपण रेल्वेच्या जनरल डब्यात पाहिलं आहे. त्यावरून मराठी कुटुंब कसं असतं हे कोणी लिहू नये. मेकसाहेबांनी पुढे कॅनडाच्या उत्तर टोकाला, एल्समियर बेटावर, १९८६ पासून अनेक उन्हाळे मोकळ्या लांडग्यांजवळ काढले. तिथे त्यांना दिसलं, की लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेक वेळा एक कुटुंब असतं. आई, बाप आणि त्यांची एक-दोन-तीन वर्षांची पोरं. आईबाप पुढे असतात ते आईबाप असतात म्हणून. हाणामारी करून कोणी त्या खुर्चीवर बसलेलं नसतं. १९९९ साली त्यांनी तसा लेख लिहिला, ‘अल्फा’ शब्द टाळा म्हणून सांगितलं आणि आपलंच जुनं पुस्तक छापणं थांबवा म्हणून प्रकाशकाच्या मागे लागले. पुस्तकाची छपाई थांबायला २०२२ साल उजाडलं. जुनं सर्क्युलर रद्द झालं तरी शाखांमध्ये ते किती वर्षं पाळलं जातं, हे बँकवाल्यांना वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे कळपाची सत्ता म्हटलं, की वाचणाऱ्यांना व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’ आठवते. पण ती वानरांची गोष्ट आहे. वानराचा नियम कुत्र्याला लावायचा नाही, तसाच पिंजऱ्यातल्या लांडग्याचाही लावायचा नाही.

मग कुत्र्यांमध्ये हुद्दा नसतोच का? असतो. नसतो म्हणणंही तितकंच चूक. इटलीत रोमच्या आसपास मोकळ्या कुत्र्यांच्या टोळ्यांचा काही संशोधकांनी बारकाईने अभ्यास केला. कोण कोणासमोर शेपूट खाली घालतं, कोण कोणाचं तोंड चाटतं, याची नोंद ठेवली. त्यात स्पष्ट उतरंड दिसली, आणि ती बरीचशी वयाप्रमाणे होती. वडीलधारी वर, पोरं खाली. आपल्या गेटवरसुद्धा हे दिसतं. काळी आली, की बाकीची दोघं सुरक्षारक्षकाच्या केबिनजवळची सावली सोडतात. भांडण होत नाही. तिचा नुसता एक कटाक्ष पुरतो.

आता मुख्य प्रश्न. जो वरचा, तोच राखण करतो का?

इथे दोन अभ्यास शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. एक हंगेरीतला, २०१९ सालचा. ज्या घरांत एकापेक्षा जास्त कुत्री आहेत, अशा मालकांना विचारलं, की तुमच्या दोघांत मोठा कोण आणि तो काय काय करतो? उत्तरांतून दिसलं, की ज्याला मालक वरचढ मानतात ते कुत्रं चांगली झोपायची जागा पटकावतं, फिरायला जाताना पुढे चालतं आणि घरच्यांची राखणही तेच जास्त करतं. शिवाय ते बहुधा वयाने मोठं असतं. म्हणजे हुद्दा आणि राखण यांचा काही संबंध आहे, हे मान्य करायला हवं. पण ही मालकांनी दिलेली माहिती आहे. जो भुंकत पुढे धावतो त्यालाच मालक मोठा म्हणत असेल, तर तो संबंध आपोआपच दिसणार.

दुसरा अभ्यास त्या रोमच्याच टोळ्यांचा, २०१० सालचा. दोन टोळ्या समोरासमोर आल्या की कोण पुढे जातं हे त्यात बघितलं. लहान टोळीतली कुत्री जास्त साथ देतात आणि मोठ्या टोळीत काही जण मागे रेंगाळतात, असं आढळलं. सोसायटीच्या श्रमदानाची आठवण झाली असेल तर मी तसं काही म्हटलेलं नाही. आणि वरच्या दर्जाचं कुत्रं अशा वेळी सगळ्यांत पुढे असतंच असंही नाही. साहेब मोठा असला तरी स्ट्राँगरूमच्या दाराशी बंदूक घेऊन तो उभा राहत नाही.

माझ्या घरातलं उदाहरण सांगतो. आमची सोनी गावठी, तेरा वर्षांची. ब्रूनो लॅब्रॅडोर, पाच वर्षांचा, मुलगा परदेशी गेला तेव्हा आमच्याकडे ठेवून गेला. ब्रूनो आला तेव्हा बेल वाजली, की सोनी दाराशी आणि तो तिच्या मागे. आता दोन वर्षं झाली, सोनीला ऐकू कमी येतं. बेल वाजली की ब्रूनो उठतो, भुंकतो, दाराशी जातो. सोनी त्याची हालचाल बघून सावकाश येते, पाहुण्याचा वास घेते आणि परत जाते. दोघांत यावरून कधी गुरगुरणंसुद्धा झालं नाही. पण खिडकीखालची गादी आजही सोनीचीच आहे. ती आली की ब्रूनो उठतो. म्हणजे मान तिचा आणि दार त्याचं. मी निवृत्तीनंतर माझ्या जुन्या शाखेत जातो तेव्हा मॅनेजर उभं राहून खुर्ची देतो, चहा मागवतो, पण तिजोरीच्या चाव्या देत नाही. आणि त्यात काही वावगं नाही. हुद्दा आणि ड्युटी ही दोन वेगळी खाती आहेत. कधी दोन्ही एकाच नावावर असतात, कधी नसतात.

राखण मग येते कुठून? माझी एक बदली सासवड भागात होती. त्या माळावर धनगरांचे वाडे पडतात आणि तिथे अजून लांडगा फिरतो. संध्याकाळी वसुलीला जाताना वाड्याची कुत्री शंभर पावलांवरून गाडी थांबवायची. ती मेंढरांवर साहेबकी करत नसत, मेंढरांतच लोळत असत. अमेरिकेत रेमंड कॉपिंजर या शास्त्रज्ञाने युरोप आणि तुर्कस्तानातली मेंढ्या राखणारी कुत्री नेऊन अनेक वर्षं अभ्यास केला. त्यांचं म्हणणं असं, की पिल्लू लहानपणीच मेंढ्यांत वाढलं तर ते त्यांना आपलं मानतं, त्यांच्याजवळ राहतं, त्यांना त्रास देत नाही आणि परका आला की आडवं येतं. त्याआधी १९६५ साली स्कॉट आणि फुलर यांनी दाखवलं होतं, की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू ज्यांच्यात वाढतं, ते त्याचं गणगोत ठरतं. म्हणजे राखणीचं मूळ सत्तेपेक्षा सोबतीत जास्त आहे.

आता आपल्या दोन घटनांकडे येतो.

‘राखण’ हा आपला एकच शब्द आहे, पण कुत्र्याच्या बाबतीत त्याखाली निदान तीन गोष्टी येतात. एक, जागेची राखण, म्हणजे दार, जिना, गेट. दोन, माणसांची राखण. तीन, स्वतःच्या वस्तूची राखण, म्हणजे ताटली, हाड, कधी मालकाची चप्पलसुद्धा. पार्किंगमधली घटना तिसऱ्या प्रकारातली आहे. त्या कुत्र्याला सोसायटीचा चेअरमन व्हायचं नव्हतं. आपलं अन्न जाईल या भीतीने ते ताटलीवर आडवं पडलं. रस्त्यावर उपाशी राहिलेल्या माणसाने भाकरी छातीशी धरावी, तसं.

आणि भीतीवर धाक हा उपाय नाही. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या दवाखान्यात वागणुकीच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या कुत्र्यांच्या मालकांना, तुम्ही काय काय करून पाहिलं, असं विचारलं गेलं. २००९ साली ते आकडे प्रसिद्ध झाले. मारलं किंवा लाथ घातली असं सांगणाऱ्यांपैकी ४३ टक्के मालकांना कुत्रं उलटून अंगावर आलं. तोंडातली वस्तू जबरदस्तीने ओढणाऱ्यांपैकी ३९ टक्के, उताणं पाडून दाबून धरणाऱ्यांपैकी ३१ टक्के. ती कुत्री दवाखान्यापर्यंत आलेली, म्हणजे आधीच बिघडलेली होती, हे लक्षात ठेवा. पण आपण ज्याच्यावर हे उपाय करायला निघालो आहोत, तेही तसंच आहे ना?

त्या घरच्या ताईंना मी हात जोडून सांगितलं ते इथेही सांगतो. गुरगुरण्याबद्दल कुत्र्याला मारू नका. गुरगुरणं ही त्याची नोटीस आहे. नोटीस दिल्याबद्दल शिक्षा झाली, तर पुढच्या वेळी ते नोटीस न देता थेट जप्ती करेल. ताटली घरात, एका कोपऱ्यात ठेवा. पार्किंगमध्ये कधीच नको. ते जेवत असताना ताटली ओढू नका. उलट जवळून जाताना तिच्यात एखादा चांगला तुकडा टाका, म्हणजे माणूस जवळ आला की काही जात नाही, मिळतंच, हे त्याला पटेल. तोंडातली वस्तू हवी असेल तर बदल्यात दुसरी द्या. आणि एवढ्याने भागत नसेल तर जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा, कारण दुखणं असलं तरी कुत्रं असं वागतं. त्या ताईंनी ताटली वर नेली आहे, आणि मुलाच्या आईवडिलांशी त्या स्वतः जाऊन बोलल्या आहेत. हे सभेला माहीत असावं म्हणून सांगितलं.

दाराशी येणाऱ्या पार्सलवाल्या मुलांचंही असंच. कुत्रं भुंकतं, मुलगा पार्सल देऊन निघून जातो. तो जाणारच होता. पण कुत्र्याच्या हिशेबी ‘मी भुंकलो, तो पळाला’, आणि ते रोज यशस्वी होतं. आठ महिने असं झालं की भुंकणं वाढणारच. त्यात साहेबीचा काही प्रश्न नाही. बेल वाजली की कुत्र्याला आतल्या जागेवर बसवून तिथे खाऊ द्यायची सवय लावा. चार आठवडे चिकाटी ठेवलीत तर फरक दिसतो.

आता गेटवरची तिघं. ती दुपारी गप्प का बसली? पोलिसांनी चौकशी केल्यावर आपल्याला कळलंच, की तो माणूस महिनाभर त्याच मजल्यावर फरशीच्या कामाला होता आणि रोज दुपारी डब्यातली पोळी या तिघांना घालत होता. कुत्रं ओळख तपासतं, हेतू तपासत नाही. बँकेच्या भाषेत सांगायचं तर त्याचं केवायसी पूर्ण होतं. म्होरक्या कितीही कडक असता तरी या ओळखीच्या माणसावर भुंकला नसता. हेच तिघं रात्री दोन वाजता अनोळखी रिक्षा आत शिरली की सगळ्या विंग जागी करतात, तेव्हा आपण तक्रार करतो. कुत्रं ही सूचना देणारी घंटा आहे. कुलूप, कॅमेरा आणि कामगारांची नोंदवही ही कामं आपली. ती त्यांच्यावर ढकलू नका.

त्यांना हलवा, असा एक ठराव आहे. त्यावर दोनच मुद्दे. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे नसबंदी आणि लसीकरण झालेलं कुत्रं जिथून नेलं तिथेच परत सोडायचं असतं. आणि आपल्या तिघांचं हे दोन्ही झालेलं आहे. दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा. त्याच नियमांतला विसावा नियम सांगतो, की खाऊ घालायची जागा मुलांच्या खेळायच्या जागेपासून, येण्या-जाण्याच्या वाटेपासून आणि जिन्यापासून लांब असावी, आणि ती ठरवण्याची जबाबदारी सोसायटीची आहे. आपण मात्र त्यांना अगदी गेटच्या कमानीखाली घालतो. मग ती कमान त्यांच्या ताटलीची जागा होते, आणि सायकलवरून आत येणाऱ्या मुलावर गुरगुरण्याला कारण मिळतं. पंपहाऊसच्या मागची मोकळी जागा ठरवा, वेळ ठरवा, घालणारी माणसं ठरवा, आणि उरलेलं लगेच उचला. यातून गेटवरची निम्मी कटकट कमी होईल, असं मला वाटतं. माझी सभेपुढची उपसूचना तीच असेल आणि ती मी आजच लेखी दिली आहे.

छोट्या मंडळींसाठी शेवटचं. खाणाऱ्या, झोपलेल्या आणि पिल्लांजवळच्या कुत्र्याला हात लावायचा नाही. चेंडू तिथे गेला तर मोठ्या माणसाला सांगायचं. अंगावर आलं तर पळायचं नाही, झाडासारखं उभं राहायचं, डोळ्यांत बघायचं नाही. दात किंवा नख लागलं तर लपवायचं नाही. लगेच घरी सांगायचं, जखम नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. आणि भुंकणं ऐकायला शिका. हंगेरीत एका प्रयोगात लोकांना नुसतं ध्वनिमुद्रित भुंकणं ऐकवलं, तर ज्यांनी कधी कुत्रं पाळलं नव्हतं त्यांनाही ते परक्यावर भुंकतंय, खेळतंय की एकटं पडलंय हे बऱ्यापैकी ओळखता आलं. तुमचे कान आमच्यापेक्षा चांगले आहेत. तुम्हाला नक्की जमेल.

पंचवीस वर्षांत या सोसायटीने पाण्याचा, पार्किंगचा, गळतीचा प्रश्न बसून, बोलून सोडवला. ‘बळी तो कान पिळी’ हा नियम आपण माणसांमध्ये चालू दिला नाही. कुत्र्यांच्या बाबतीतही तो लागू नाही, एवढंच मला सांगायचं होतं. सातव्या क्रमांकाच्या विषयावर मत देताना सर्वांनी याचा विचार करावा, ही विनंती.